आजी, वेळ कसा जातो तुमचा?

(रौप्यमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलल्याप्रमाणेच छापला आहे. मध्ये माइक बंद पडला तेव्हाचं बोलणं तेवढं गाळलं आहे.)



पत्रिकेत माझ्यासमोर 'ज्येष्ठांचे मनोगत, १० मिनिटे' असं छापलंय. माझ्या आधी पार्किंगचा आणि गळतीचा इतिहास सांगणाऱ्यांनी पंचवीस मिनिटं घेतली आहेत. तेव्हा जेवण थंड झालं तर त्याचं खापर एकट्या माझ्यावर फोडू नका.

कमिटीतल्या मुलांनी मला विषय दिला होता, 'निवृत्तीनंतर वेळेचा सदुपयोग'. मुलं म्हणजे चाळिशी ओलांडलेली, पण आम्हाला मुलंच. मी म्हटलं, बाबांनो, सदुपयोग करायला वेळ शिल्लक तर राहायला हवा! पण हा प्रश्न मला लिफ्टमध्ये आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. "आजी, वेळ कसा जातो हो तुमचा?" विचारणारा चांगल्या मनानेच विचारतो, पण त्याला तिसऱ्या मजल्याला उतरायचं असतं. तेवढ्यात मी 'छान जातो' एवढंच म्हणू शकते. आज तुम्ही खुर्चीत बसला आहात आणि लिफ्ट लांब आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

माझी थोडी ओळख नवीन भाडेकरूंसाठी. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या जमान्यात लागले. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल असायचे. लोक कॉल बुक करून तासन् तास फोनपाशी बसायचे आणि आम्ही कानाला हेडफोन लावून एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडायचो. १९८६ मध्ये मुंबईचं खातं एमटीएनएल झालं, त्याबरोबर मीही झाले. डोंबिवली ते मुंबई असा लोकलचा प्रवास किती वर्षं केला ते मोजत नाही, गुडघे मोजतात.

आपण इथे राहायला आलो तेव्हा मानपाडा रोडपासून आतला हा रस्ता म्हणजे नुसता चिखल होता. टँकर यायचा, लोडशेडिंग असायचं, जिन्यात मेणबत्त्या लावायचो. त्या काळातले आम्ही आता या तीन विंगमध्ये मिळून थोडेच उरलो. काही गेले, काही मुलांकडे गेले. उरलेल्यांपैकी बरेच एकेकटे राहतात. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी ऐरोलीला.

आता आठवडा. सोमवारपासून सुरू करते, कारण सोमवारी बँक.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी आणि ए-विंगच्या माई रिक्षाने बँकेत जातो. माई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याबद्दल बोलायला मी काल रीतसर परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "सांग, पण मला बिचारी करू नकोस." तर करत नाही.

माई नगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होत्या. इथल्या निम्म्या लोकांची अर्जावरची अक्षरं त्यांनी बघितली आणि मनातल्या मनात नापास केली आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचा त्रास सुरू झाला. चहाचा कप अर्धाच भरायचा, पोळी लाटताना पोळपाट सरकणार, हे सगळं त्यांनी निभावून नेलं. पण एका सोमवारी बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर त्यांनी सही केली आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, सही जुळत नाही." पुन्हा केली, जुळेना. तिसऱ्यांदा केली, ती पहिल्या दोघींशीही जुळेना. तो मुलगा वाईट नव्हता. मागे रांग होती. तो हळू आवाजात म्हणाला, "अंगठा लावून घेऊ या का?"

मंडळी, चौतीस वर्षं ज्या बाईने पोरांचे हात धरून त्यांना सही करायला शिकवलं, पोरांच्या आयांनाही रात्रीच्या वर्गात शिकवलं, तिला अंगठा लाव म्हणणं म्हणजे काय, हे त्या मुलाला कळणं शक्य नव्हतं. माईंनी स्लिप घडी करून पर्समध्ये ठेवली आणि "चल" म्हणाल्या. पुढचे दोन आठवडे त्या बँकेत आल्याच नाहीत. घरात पैसे नव्हते असं नाही, पण औषधं उधारीवर आली, हे मला केमिस्टकडून कळलं.

नियम सांगते, कारण इथे अनेकांच्या घरी आईवडील आहेत. आजारपणामुळे किंवा वयामुळे सही करता येत नसेल, तर अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत. शिवाय नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना पैसे पोहोचवणं, हयातीचा दाखला घेणं अशा सोयी घरपोच द्याव्यात. हे सगळं मी मॅनेजरांशी बोलून घेतलं आणि माईंना सांगितलं. माई म्हणाल्या, "अंगठा देणार नाही. आणि ते घरी आले तर सोमवारी मी खाली कशासाठी उतरू?"

हे वाक्य लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

मग उपाय त्यांनीच काढला. दुरेघी वही आणली. पहिलीतल्या मुलांची असते ती. रोज दुपारी त्या वहीत सही करायच्या. जुनी, वळणदार, लांबलचक सही सोडून दिली आणि आडनावाची पहिली दोन अक्षरं अशी एक छोटी सही बसवली. हात स्थिर असतो तो वेळही शोधला, सकाळची गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने. सव्वीस दिवसांनी आम्ही बँकेत गेलो. मॅनेजरांनी नवीन नमुना सही घेतली आणि जुन्या कार्डाच्या जागी ती लागली. खातं मुलाबरोबर जोडून घेतलं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने, म्हणजे पुढे अडायला नको. त्या दिवशी माईंनी बाराशे रुपये काढले आणि आम्ही दोघींनी मसाला डोसा खाल्ला. बँकेला सुट्टी असली की आम्ही सोमवारी नुसत्याच डोसा खायला जातो.

मंगळवार माझा घरचा. धुणं, निवडणं, पंख्याची पाती. मंगळवारी फडके रोडच्या गणपतीला गर्दी असते, म्हणून आम्ही बुधवारी जातो. देव दोन्ही दिवशी तोच असतो आणि बुधवारी तो आपल्याकडे नीट बघतो. ज्या फडके रोडवर दिवाळी पहाटेला आमची नातवंडं नटूनथटून जातात, तिथेच बुधवारी संध्याकाळी पाचला आम्ही पाच-सहा जणी फुलवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालत असतो. १९९९ मध्ये गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा निघाली तेव्हा नऊवारी नेसून चाललेल्यांपैकी तिघी अजून आमच्यात आहेत. येताना लायब्ररीत पुस्तक बदलायचं. सी-विंगच्या काकूंना आता वाचवत नाही, पण त्यांचीही वर्गणी चालू आहे. त्यांचं पुस्तक बी-विंगच्या वहिनी त्यांना वाचून दाखवतात आणि रहस्यकथेचा शेवट आधी बघून ठेवतात, त्यावरून दोघींची भांडणं होतात.

गुरुवार गोळ्यांचा. सात कप्प्यांच्या डब्या मिळतात ना, तशा तीन घरच्या डब्या मी भरते. एका घरात रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी दिसायला अगदी सारखी. त्या गोळ्या पाकिटातून काढून एका बरणीत ठेवायची त्यांची पद्धत होती. आता पाकिटं कापत नाही आणि बरणीत लवंगा आहेत. बाकी भिशी, भजन, हळदीकुंकू हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यात जात नाही.

शनिवारी ऐरोली. सकाळची गर्दी ओसरली की अकराच्या पुढची लोकल पकडायची, ठाण्याला उतरायचं, पूल चढून नऊ-दहा नंबरला जायचं आणि वाशीची नाहीतर पनवेलची गाडी घ्यायची. पूर्वी ठाण्यानंतर थेट ऐरोली यायचं, जानेवारी २०२४ पासून मध्ये दिघा गाव लागतं. मुलगी म्हणते, आई, टॅक्सी करून ये. टॅक्सीत मला कोण भेटणार? लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत दोन रेसिपी आणि एका लग्नाची पूर्ण हकिकत मिळते. नातू दहा वर्षांचा. त्याला मी डब्यातून काहीतरी नेते आणि तो मला फोनमधलं काहीतरी शिकवतो. हा सौदा दोघांनाही परवडतो. नात कॉलेजात, ती मला मिठी मारते आणि तिच्या खोलीत जाते. चार वाजता परत निघायचं, म्हणजे चाकरमान्यांच्या गर्दीत सापडायला नको.

रविवारी मुलगा पुण्याहून फोन करतो, महिन्यातून एकदा सून आणि मुलं घेऊन येतो. मीही जाते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून आली नाही. एसटीत मात्र मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्या म्हणतात म्हातारपणाचा एवढाच फायदा दिसला. तर, मुलगा प्रत्येक वेळी एकच विषय काढतो. "आई, तिथे एकटी कशाला राहतेस? इकडे ये." मनापासून म्हणतो. सूनही म्हणते. मागच्या वर्षी मी महिनाभर राहून बघितलं.

बावीस मजल्यांची इमारत. अठराव्या मजल्यावर घर. हवा सुंदर. मुलगा-सून दोघं आठला बाहेर, मुलं शाळेत. सकाळी उठले, भाजी आणायला पिशवी घेतली, तर सून म्हणाली, "आई, कशाला? दहा मिनिटांत येते." आणि खरंच आली. दूध आलं, औषध आलं, कोथिंबीर आली, इस्त्रीचे कपडे आले. हे सगळं घेऊन येणारी मुलं दारात पिशवी ठेवून फोनकडे बघत निघून जायची. मी एकाला पाणी विचारलं तर तो घाबरला, त्याला वाटलं तक्रार आहे. महिन्याभरात मी त्या मजल्यावरच्या समोरच्या दारातल्या बाईंना दोनदा पाहिलं. नाव कळलं नाही. मला काहीही कमी नव्हतं हो. फक्त खाली उतरायला कारण नव्हतं.

मी त्या मागवण्याच्या विरुद्ध नाही. जुलैच्या पावसात, गुडघा सुजला असताना, मीही नातवाने घालून दिलेल्या अॅपवरून दूध मागवते. पण आमच्या वयात कारण लागतं. पासबुक भरायचं आहे, पुस्तक बदलायचं आहे, मेथी बघून घ्यायची आहे, म्हणून माणूस केस विंचरतो, साडी बदलतो, जिना उतरतो. उतरला की चार जणांना दिसतो. आणि दिसणं किती महत्त्वाचं आहे ते आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, शुक्रवारची सकाळ. साडेनऊ वाजता मी ए-विंगमध्ये लाटणं परत द्यायला गेले, तर माईंच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती आणि पेपर सेफ्टी डोअरमध्ये अडकलेला. साडेसहाला दूध आत घेणारी बाई. बेल वाजवली. फोन लावला, तो आत वाजतोय हे बाहेर ऐकू येत होतं. शेजारच्यांकडे त्यांच्या लॅचची किल्ली होती, ती लावली, लॅच उघडलं, पण दार उघडेना. आतून वरची कडी. शेवटी अग्निशमन दलाला बोलावलं, त्यांनी दार काढलं. माई बाथरूममध्ये पडलेल्या होत्या, आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहापासून. पंधरा तास. खुब्याचं हाड मोडलेलं. आरडाओरडा केला होता, पण बाहेर पाऊस आणि सगळ्यांच्या घरात टीव्ही.

मी विचारलं, माई, रात्र काढली कशी? म्हणाल्या, "झोप लागू नये म्हणून पाढे म्हटले. बे ते तीस झाले, मग पावकी, निमकी, पाऊणकी. दिडकीला अडखळले तेव्हा वाटलं आता काही खरं नाही."

ऑपरेशन झालं, वॉकर गेला, काठी आली, आज त्या स्वतः चालत इथपर्यंत आल्या आहेत. पण त्या आठवड्यात आम्ही पाच जणी माझ्या घरी बसलो. आपला व्हॉट्सअॅपचा ग्रुप होताच की. पण त्यात सकाळी गुड मॉर्निंगची चाळीस फुलं येतात. एकेचाळिसावं फूल आलं नाही, हे कुणाच्या लक्षात येणार? सगळ्यांनी सगळ्यांकडे बघायचं ठरवलं की कुणीच कुणाकडे बघत नाही. एक्स्चेंजमधला माझा अनुभव आहे, ज्या लाइनवर कुणाचंच नाव नसतं ती लाइन रात्रभर बंद राहते.

म्हणून आम्ही मिस कॉलचं वर्तुळ केलं. सकाळी सव्वासातला मी माईंना मिस कॉल देते. माई सी-विंगच्या काकूंना. काकू पुढच्याला. असं करत करत शेवटचा माणूस मला मिस कॉल देतो. पैसा लागत नाही, बोलावं लागत नाही, दात घासता घासता होतं. प्रत्येकावर एकाच माणसाची जबाबदारी. आठपर्यंत माझा फोन वाजला नाही तर मी पुढून एकेकाला विचारत येते, कुठे तुटलं ते पाच मिनिटांत कळतं आणि मग जवळचं कुणीतरी त्या दारावर जातं. नियम दोनच. झोपताना वरची कडी लावायची नाही, लॅचवर भागवायचं. आणि लॅचची एक किल्ली सोसायटीतच दुसऱ्या घरात द्यायची. जागरूक लोक म्हणतील, चोराचं काय? चोराला वॉचमन आहे, कॅमेरे आहेत. पडलेल्या माणसाला कॅमेरा उचलत नाही.

पाचाचे आता आम्ही चौदा आहोत. त्यात तीन पुरुष आहेत. ते आधी म्हणाले, आम्हाला काय होतंय. मग त्यांच्यातल्या एकाला सकाळी चक्कर आली आणि सात चाळीसला दार वाजलं. साखर उतरली होती. साखरपाणी दिलं, डॉक्टर आले, निभावलं. खोटे इशारेही झाले. एक काकू कुणाला न सांगता पहाटे गोंदवल्याला गेल्या, फोन बॅगेत तळाशी. आम्ही किल्लीने दार उघडलं तर घर चकाचक आणि टेबलावर अर्धी चकलीची बरणी. चौघींनी तिथे बसून काळजी केली. काकू परत आल्या तेव्हा काळजी झालेली होती आणि चकल्याही संपलेल्या होत्या. तेव्हापासून गावाला जाताना सांगायचा नियम तिसरा झाला.

याच्याच जोडीला प्रत्येकाच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद लावला. मुलांचे नंबर, डॉक्टर, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी. खाली रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. अक्षर माईंनी काढून दिलं असतं तर शोभलं असतं, ते मी काढलंय. आणि नॉमिनेशनचा फॉर्म! गेल्या वर्षी मी चौदाही जणांना बसवून तो तीन प्रतींत भरून घेतला. पंचवीस वर्षं झाली तरी काहींनी दिला नव्हता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मालकी वारसांची, हेही समजावलं, कारण त्यावरून दोन घरांत आधीच गैरसमज होते.

आता कमिटीला थोडं बोलते, रागावू नका. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत दोन गोष्टी आहेत. एक, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला वर सोडायचं नाही, सगळं गेटवरच्या रॅकमध्ये ठेवायचं. सुरक्षेचं कारण मला समजतं. पण माईंची पिशवी दाराला होती म्हणून दिसली. रॅकमध्ये साठ पिशव्यांत ती दिसली असती का? निदान जे एकटे राहतात त्यांच्या दारापर्यंत दूध जाऊ द्या, त्यांची यादी माझ्याकडे आहे.

दुसरं, गेटजवळच्या बदामाखालचा बाक काढून तिथे दुचाकींची जागा करायची. रिक्षा गेटवर थांबते, तिथून ए-विंगची लिफ्ट शहाऐंशी पावलं आहे. मोजली आहेत, माझी पावलं धरून. हातात भाजीची पिशवी असली की पंचेचाळिसाव्या पावलाला बसावं लागतं, आणि बाक नेमका तिथे आहे. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी तो ठेवला त्यांनी हिशेब केला नसेल, पण जमला आहे. संध्याकाळी त्याच बाकावर आमची उद्याची कामं ठरतात. तिथे बसून आम्ही तुमच्या पोरांना रस्त्यावर पळताना हाक मारतो, तुमचं पार्सल घेतो, प्लंबर कोणाकडे आला होता ते सांगतो. चार स्कूटर्सना जागा हवी हे खरंच. मागच्या टाकीशेजारी मोडक्या सायकली आणि दोन बंद पडलेल्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या आहेत. आधी त्या काढा, मग मोजा. आणि बाक हलवायचाच ठरला तर लिफ्टच्या बाहेर हलवा, भंगारात नको.

२६ जुलै २००५ ची आठवण इथे बऱ्याच जणांना असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी रात्रभर ऑफिसातच होते, यजमान कुर्ल्याला अडकलेले. फोन लागत नव्हते, टेलिफोनवालीच्या घरीसुद्धा! दोन्ही मुलं घरी एकटी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अर्धं अंतर चालत, घरी पोचले तर मुलं माईंकडे जेवून, अभ्यास करून झोपली होती. माईंनी आभार मानू दिले नाहीत. म्हणाल्या, "मुलीचं गणित कच्चं आहे, पाठव रोज." दहावीपर्यंत मुलगी रोज त्यांच्याकडे गेली.

आता बातमी. माई संक्रांतीनंतर मुलाकडे बंगळूरला जात आहेत. तीन वर्षं नाही म्हणत होत्या. आता औषधाच्या वेळा वाढल्या, हाताला सोबत हवी, म्हणून हो म्हणाल्या. कायमच्या की चार महिन्यांसाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला एक सांगितलंय आणि मला दुसरं, असा माझा संशय आहे. फ्लॅट विकायचा नाही, एवढं नक्की. किल्ली माझ्याकडे आहे. दुरेघी वही त्या बरोबर नेणार आहेत. मी तिकडे कन्नड शिकेन म्हणतात, आणि शिकतील.

पण सकाळी सव्वासातच्या वर्तुळात त्यांची जागा रिकामी होते. माझ्या आणि काकूंच्या मधली. परवा मी म्हटलं, माई, तुमच्या जागी कुणाला घेऊ? तर म्हणाल्या, "कायम कुणाला घेऊ नकोस. बदली शिक्षक घे."

तर बदलीची एक जागा भरायची आहे. वयाची अट नाही, ज्येष्ठच पाहिजे असं नाही. एकटं राहायची अट नाही. काम एवढंच, रोज सव्वासातला माझा मिस कॉल आला की काकूंना मिस कॉल द्यायचा आणि तो पोचला नाही तर दोन जिने चढायचे. तरुण मुलं, विशेषतः घरून काम करणारी, घरीच असतात म्हणून विचारते.

कार्यक्रम संपल्यावर मी जेवणाच्या रांगेशेजारी, पाण्याच्या जारपाशी उभी राहते. वही आणली आहे. नाव, विंग, फ्लॅट नंबर आणि सकाळी किती वाजता उठता ते लिहा. खरी वेळ लिहा, माई तपासणार आहेत.